तेरावे चॅनेल

वागळे इस्टेटमधील मापनयंत्रांच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर, गृहनिर्माण संस्थांच्या टाक्यांत पाणी किती आहे हे सेक्रेटरीच्या मोबाइलवर दाखविणारी लहानशी यंत्रे बसवून देण्याचा उद्योग मी आरंभिला, तेव्हा मला धास्ती होती ती गंजणाऱ्या तारांची, उंदरांची, पावसाळ्यातील विजेची आणि थोडीबहुत संस्थांच्या वार्षिक सभांची. पण कोणत्या मुलखात कोणत्या बिनतारी चॅनेलवर बोलण्याची मुभा आहे, ही जी बाब पुढे माझा सर्वांत अधिक वेळ खाणार होती, ती त्या यादीत कोठेच नव्हती. वायफाय म्हणजे राउटर लावला की येते आणि बिल थकले की जाते, एवढेच तिचे शास्त्र बहुसंख्य लोकांप्रमाणे मीही धरून चाललो होतो.

ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या या पट्ट्यात पाणी हा नित्याचा घोर आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीला आणि तिला लागून असलेल्या निवासी विभागाला औद्योगिक विकास महामंडळाचे, बारवी धरणातले पाणी मिळते. महापालिकेच्या हद्दीतील इतर घरांना उल्हास नदीतून उचललेले मिळते. आणि दोन्हीकडे ते केव्हा, किती वेळ व किती जोराने येईल याचा अंदाज बांधण्याचे काम अखेर वॉचमनवर येऊन पडते. पूर्वी तो रात्री बॅटरी घेऊन गच्चीवर चढे, टाकीचे झाकण उचलून आत डोकावे आणि खाली येऊन पंप सुरू करी. आता टाकीत एक सेन्सर असतो, त्याच्याशेजारी डबीत बंद केलेला, आगपेटीहून फारसा मोठा नसलेला, काही शे रुपयांचा एक बोर्ड असतो, आणि तो बोर्ड संस्थेच्या कार्यालयातील राउटरमार्फत पाण्याची पातळी कळवीत राहतो. वॉचमनचे जिने वाचले, माझे वाढले.

डोंबिवलीच्या निवासी विभागातील एका संस्थेने मला बोलाविले, ते दुसऱ्या कोणी बसवून दिलेल्या अशाच एका यंत्रासंबंधी. तक्रार मोठी चमत्कारिक होती. यंत्र बिघडलेले नव्हते. ते दिवसेंदिवस बिनबोभाट चाले, आणि एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी मुके होई, ते पुढे केव्हातरी, कोणी हात न लावता, पुन्हा बोलू लागेपर्यंत. समितीत तर्कांची वाण नव्हती. कोणी टाकीच्या लोखंडाला दोष देई, कोणी खालच्या मजल्यावरील मायक्रोवेव्ह ओव्हनला, आणि एका सभासदाने तर तो रासायनिक कारखान्यांच्या धुराला दिला, कारण त्या भागात ज्याचे कारण सापडत नाही ते धुराच्या खात्यावर मांडण्याचा शिरस्ताच आहे. ओव्हनचा तर्क अगदीच टाकाऊ नव्हता, हे येथे नमूद करावयास हवे. ओव्हन आणि वायफाय दोन्ही साधारण २४५० मेगाहर्ट्झच्या आसपास वावरतात, आणि जुनाट दाराचा ओव्हन सुरू असेतो शेजारचे नेटवर्क चाचपडताना मी पाहिले आहे. पण ओव्हनमुळे नेटवर्क मिनिटभर अडखळते. चार-चार दिवस नाहीसे होत नाही.

शुक्रवारचा उलगडा त्यामानाने सोपा होता. औद्योगिक वसाहतीची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, आणि देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवावयाची तर तीही बहुधा शुक्रवारीच. वीज परत आली की त्या इमारतीतील आणि आजूबाजूच्या इमारतींतील शेकडो राउटर एकाच क्षणी जागे होतात, क्षणभर कानोसा घेतात आणि जेथे गर्दी कमी भासेल त्या चॅनेलवर जाऊन बसतात; कारण चॅनेलची निवड राउटरवरच सोपविण्याची व्यवस्था बहुतेक कंपन्यांनी मुळातूनच करून ठेवलेली असते. कार्यालयाचा राउटर कधी सहाव्या चॅनेलवर बसे, कधी अकराव्या, आणि कधी तेराव्या. तो तेराव्यावर बसला की सभासदांचे मोबाइल पूर्ववत चालत, आणि टाकीवरचा बोर्ड मात्र नेटवर्क नावाची वस्तूच जगात उरली नाही असे समजून गप्प राही.

मला वाट सापडली ती खजिनदारांच्या लॅपटॉपमुळे. मुलाने काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून आणून दिलेला तो लॅपटॉपही नेमक्या त्याच दिवसांत कार्यालयाचे नेटवर्क दाखवीत नसे, आणि खजिनदार तो दोष लॅपटॉपच्या वयाला देत असत. डोंबिवलीत घेतलेल्या मोबाइलला जे दिसते ते अमेरिकेत घेतलेल्या लॅपटॉपला आणि परदेशी बनावटीच्या बोर्डाला दिसत नाही, एवढे एकत्र मांडल्यावर दोष यंत्राचा नसून त्याला आखून दिलेल्या हद्दीचा असावा, असा संशय येण्यास फारशी बुद्धी लागत नाही.

ही हद्द कशी आखली आहे हे थोडे सांगितले पाहिजे. वायफायचा जो जुना आणि सर्वत्र चालणारा पट्टा, तो २४०० पासून २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंतचा. त्यात पहिल्या चॅनेलचा मध्य २४१२ वर धरून पुढे पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतराने चॅनेल मोजत गेले की अकरावे २४६२ वर येते आणि तेरावे २४७२ वर. प्रत्येक चॅनेल प्रत्यक्षात वीस-बावीस मेगाहर्ट्झ रुंद पसरते, म्हणून शेजारची चॅनेले एकमेकांच्या अंगावर येतात, आणि तेराव्याची वरची कड पट्ट्याच्या सीमेला जवळजवळ टेकते. त्या सीमेपलीकडे, २४८३.५ ते २५०० मेगाहर्ट्झमध्ये, अमेरिकेत उपग्रहावरून येणाऱ्या दूरध्वनीचे राज्य आहे. तेथील सरकारने बाराव्या व तेराव्या चॅनेलला सरसकट मनाई केलेली नाही, पण सीमेपलीकडे लहरी सांडण्यासंबंधीची ताकीद इतकी कडक आहे की ती पाळण्यासाठी शक्ती पार कमी करावी लागते. त्या खटपटीत पडण्यापेक्षा अकराव्यावर थांबणे उत्पादकांना परवडते. युरोपात तेरापर्यंत मुभा आहे. जपानने त्याहून पुढे, २४८४ मेगाहर्ट्झवर, चौदावे चॅनेल मोकळे ठेवले, पण तेही केवळ जुन्या, संथ पद्धतीच्या प्रेषणापुरते. वायफायचे प्रमाणक प्रथम तयार झाले तेव्हा, म्हणजे १९९० च्या दशकाच्या अखेरीस, फ्रान्समध्ये दहा ते तेरा आणि स्पेनमध्ये फक्त दहा व अकरा एवढीच चॅनेले मोकळी होती, हे आज कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे या बाबतीत सरकार, एरवी सरकारविषयी जे बोलले जाते ते पाहता, चांगलेच उदार आहे. नौपाड्यातील आमच्या जुन्या घरी कपाटाच्या खणात वडिलांचे रेडिओच्या परवान्याचे पुस्तक होते. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ च्या २३ जुलैला सुरू झाले. त्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ, घरात नुसता ऐकण्याचा रेडिओ ठेवावयाचा तरी टपाल कचेरीत वर्षासाल पैसे भरून परवान्याचे नूतनीकरण करावे लागे, आणि १९३३ च्या बिनतारी कायद्याप्रमाणे परवान्याविना असे यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा होता. ज्या देशात ऐकण्यासाठी परवाना लागे, त्याच देशाने २००५ च्या २८ जानेवारीस अधिसूचना काढून २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झचा सबंध पट्टा, केवळ ऐकण्यासाठी नव्हे तर बोलण्यासाठी, कोणाही नागरिकाला परवान्यावाचून खुला केला. अटी मोजक्या आहेत: लहरी दहा मेगाहर्ट्झ किंवा त्याहून अधिक रुंदीवर पसरलेल्या असाव्यात, प्रेषकाची शक्ती एक वॅटपर्यंत आणि अँटेनासह होणारे विकिरण चार वॅटपर्यंत असावे, यंत्राला मान्यता असावी, आणि अँटेना छपरापासून पाच मीटरहून उंच नसावा. या शेवटच्या अटीचा गच्चीवरील टाकीला शिडी लावून काम करणाऱ्या माझ्यासारख्याला जेवढा प्रत्यक्ष संबंध येतो तेवढा मंत्रालयातल्या कोणाला येत असेल असे वाटत नाही.

त्या अधिसूचनेत आणखी एक कलम आहे आणि मला ते सर्वांत शहाणपणाचे वाटते. या पट्ट्यात जो बोलेल त्याने दुसऱ्याला अडथळा करू नये, आणि दुसऱ्याकडून होणाऱ्या अडथळ्याविरुद्ध संरक्षणही मागू नये. म्हणजे शेजाऱ्याच्या राउटरबद्दल दाद मागण्याची सोयच नाही! ज्यांनी डोंबिवलीतील पार्किंगचे तंटे पाहिले आहेत त्यांना या कलमातील दूरदृष्टी समजावून सांगण्याचे कारण पडू नये.

तर भारतात तेरावे चॅनेल पूर्णपणे कायदेशीर आहे; राउटर तेथे गेला हे त्याने योग्यच केले; आणि तरीही बोर्ड तेथे जात नाही, कारण आपण भारतात आहोत हे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्या संस्थेतील बोर्ड पिको डब्ल्यू जातीचा होता. हा बोर्ड २०२२ च्या जूनमध्ये इंग्लंडातील रास्पबेरी पाय मंडळींनी बाजारात आणला, आणि त्याच्या कागदपत्रांतच स्वच्छ लिहिले आहे की देश नेमून दिला नाही तर तो सर्व जगात निर्धोक ठरेल अशी सावध मांडणी धरतो व त्यामुळे काही चॅनेले उपलब्ध नसण्याचा संभव असतो. परक्या घरी उतरलेल्या, तेथील रीतिरिवाज ठाऊक नसल्यामुळे केळे आणि दूध यांखेरीज कशालाही न शिवणाऱ्या सोवळ्या पाहुण्याप्रमाणे तो वागतो: अमेरिकेत चालत नाही ते नको, युरोपात चालत नाही ते नको, जे सर्वांना चालते तेवढेच पुरे. यात पाहुण्याचा दोष मला दिसत नाही. कारखान्यातून निघताना तो ठाण्याला जाणार की टोरोंटोला हे त्याला कसे कळावे? बोर्डात मायक्रोपायथन चालत असेल तर प्रोग्रामच्या आरंभी एक ओळ लिहून देश सांगता येतो. भारतासाठी दोन अक्षरांची खूण आहे, आय आणि एन. आधीच्या कंत्राटदाराने ती ओळ लिहिली नव्हती. लिहिल्यानंतरच्या शुक्रवारी राउटर पुन्हा वर गेला आणि बोर्ड त्याच्यामागे मुकाट्याने गेला.

येथेच प्रकरण संपते तर मी हा लेख लिहिला नसता. देश सांगण्याची दुसरीही एक पद्धत आहे, आणि ती कागदावर जितकी देखणी दिसते तितकी जिन्यात उतरत नाही. २००१ साली वायफायच्या प्रमाणकाला अशी पुरवणी जोडली गेली की राउटरनेच आपल्या नित्याच्या घोषणेबरोबर, मी अमुक देशात आहे आणि येथे अमुक चॅनेले चालतात, असे पुकारत राहावे, आणि येणाऱ्या यंत्राने ते ऐकून त्याप्रमाणे वागावे. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीचे ईएसपी३२ जातीचे बोर्ड, जे आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर ढिगांनी मिळतात आणि ज्यांच्या प्रणालीवर काम करणारी कंपनीची एक शाखा पुण्यात आहे, ते मुळात याच धोरणाचे असतात: ज्या राउटरशी जोडले गेले त्याचा देश तो आपला देश. कल्पना निर्दोष आहे, फक्त राउटरने खरे बोलले पाहिजे. नौपाड्यातील एका जुन्या चार मजली इमारतीच्या जिन्यात उभे राहून, आसपासचे राउटर स्वतःला कोठले रहिवासी म्हणवितात हे मी एकदा कुतूहलाने तपासले, तेव्हा काही भारताचे निघाले, काही चीनचे, एक अमेरिकेचा, आणि पुष्कळांनी देशाचा उच्चारच केलेला नव्हता. गोखले रोडच्या दिव्यांच्या उजेडात, विठ्ठलमंदिरातील आरतीच्या आवाजात, माझ्या डोक्याभोवती तीन राष्ट्रांचे अंमल एकाच वेळी चालू होते. दोष कोणाचा म्हणावा? परदेशातून बॅगेत घालून आणलेले यंत्र, घाऊक आयात करून खोक्यावर नवे नाव चिकटविलेले यंत्र, स्थापनेच्या वेळी देशाच्या रकान्यावर न थांबता पुढे-पुढे बोट दाबीत गेलेला घरातला मुलगा; प्रत्येकाने थोडीथोडी ढिलाई केली आणि हवेत ती साचली. कोणत्या राउटरवर विश्वास ठेवावा हे बोर्डाला ठरविता येत नाही, म्हणून मी माझ्या यंत्रांपुरते ते राउटरवर सोडतच नाही. त्या बोर्डांना दुसरेही धोरण देता येते, ज्यात शेजारी काहीही पुकारो, मालकाने नेमून दिलेलाच देश ते धरतात. मी तेच देतो.

कल्याणला खडकपाड्यात जे पाहावयास मिळाले ते अधिक सूक्ष्म होते आणि, मला वाटते, या सबंध विषयातील सर्वांत बोधप्रद होते. तेथील समितीने, नाव दिसले नाही की चोर येत नाही या समजुतीने, कार्यालयाच्या नेटवर्कचे नाव लपवून ठेवण्याचा रीतसर ठराव केलेला होता. बोर्ड ईएसपी३२ जातीचा. राउटर सहाव्या चॅनेलवर असेतो सर्व ठीक चाले. बाराव्यावर गेला की बोर्ड भांबावे. पण हे बोर्ड तर बाराव्या-तेराव्या चॅनेलकडे अगदीच कानाडोळा करीत नाहीत, हे मला ठाऊक होते. मग अडचण कोठे?

अडचण शोधण्याच्या रीतीत होती. बिनतारी यंत्राला नेटवर्क दोन प्रकारांनी शोधता येते. एक, स्वतः बोलून: अमुक नावाचे कोणी येथे आहे काय, असे प्रत्येक चॅनेलवर विचारावयाचे आणि उत्तराची वाट पाहावयाची. दुसरा, न बोलता: त्या चॅनेलवर कान देऊन बसावयाचे आणि राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा जी घोषणा करीत असतो ती कानी पडते का ते पाहावयाचे. ज्या चॅनेलवर बोलण्याची मुभा सर्वत्र आहे त्या पहिल्या अकरांवर हा बोर्ड पहिली रीत वापरतो. पलीकडच्या चॅनेलांवर, तेथे तोंड उघडणे या मुलखात कदाचित बेकायदा असेल या शंकेने, तो दुसरी रीत धरतो, म्हणजे ऐकतो पण बोलत नाही. आता ज्या राउटरला स्वतःचे नाव लपविण्याचा हुकूम आहे, तो घोषणा करतो पण त्या घोषणेत नावाची जागा रिकामी ठेवतो. नावाने कोणी विचारले तरच तो उत्तर देतो. म्हणजे बाराव्या चॅनेलवर एकाने नावाने विचारावयाचे नाही आणि दुसऱ्याने नावाने विचारल्याखेरीज बोलावयाचे नाही. दोघेही आपापल्या जागी कायदा पाळीत, एकमेकांपासून वीस पावलांवर, रात्रभर गप्प बसलेले! सरकारी दप्तरांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ही अवस्था नवी वाटणार नाही. या मुक्या ऐकण्यात वेळही अधिक जातो, कारण प्रत्येक चॅनेलवर निदान एक घोषणा निघून जाईपर्यंत थांबावे लागते, आणि जेथे बोर्ड बॅटरीवर चालतो तेथे हा वेळ बॅटरीच्या आयुष्यातून वजा होतो.

समितीला हे समजावून सांगताना मला लहरींपेक्षा ठरावाशीच अधिक झगडावे लागले. लपविलेले नाव खऱ्या चोराला साध्या साधनांनी काही क्षणांत कळते आणि संरक्षण जे काय होते ते मजबूत पासवर्डाने होते, हे मी पुनःपुन्हा सांगितले. शेवटी, ठराव रद्द न करता त्याची अंमलबजावणी स्थगित ठेवण्याची तजवीज सेक्रेटरींनी काढली आणि नाव प्रकट झाले.

आमच्याकडे अधूनमधून अभियांत्रिकीचे विद्यार्थी प्रकल्पासाठी येतात. त्यांतील एका हुशार मुलाने, सर्व चॅनेलांवर गर्दी आहे तर ज्यावर चिटपाखरूही नाही ते चौदावे का घेऊ नये, असा विचार करून बोर्डाला आपण जपानात आहोत असे सांगून टाकले होते. बोर्डाने ते निमूटपणे मानले. त्याच्यापाशी पारपत्र तपासण्याची सोय नसते. त्या मुलाचा मुद्दा असा की कल्याणमध्ये हे कोण पकडणार? पकडणार कोणी नाही, हे मीही मान्य केले. पण चौदावे चॅनेल २४८४ च्या दोन्ही बाजूंस पसरून साधारण २४९५ मेगाहर्ट्झपर्यंत जाते, म्हणजे ते खुल्या केलेल्या पट्ट्याच्या बाहेरचे आहे. आणि त्या बाहेरच्या जागेत, २४९२ मेगाहर्ट्झच्या आसपास, भारताच्या स्वतःच्या नाविक या दिशादर्शन प्रणालीचा एक संदेश उपग्रहावरून खाली येत असतो. या प्रणालीचा पहिला उपग्रह २०१३ च्या १ जुलैला श्रीहरिकोट्याहून गेला. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारा तो संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण झालेला असतो की गच्चीवरचा एक शंभर मिलिवॅटचा बोर्डसुद्धा त्याच्या शेजारी आरडाओरडा ठरतो. हद्द ज्यांनी आखली त्यांनी ती लहर म्हणून आखलेली नाही, तिच्या पलीकडे कोणीतरी हळू आवाजात बोलत आहे, हे त्या मुलाला पटले. आणि पटले नसते तरी तो बोर्ड मी गच्चीवर चढू दिला नसता.

अधिक शक्ती मिळावी म्हणून खोटा देश सांगण्याचाही एक मोह असतो, कारण देशाबरोबर शक्तीची मर्यादाही बदलते. आपल्याकडे त्याला काही अर्थच नाही. येथील नियम चार वॅटपर्यंत विकिरणाची मुभा देतो आणि हे बोर्ड फार तर शंभर मिलिवॅटच्या आगेमागे बोलू शकतात. म्हणजे भारत सरकारने दिलेली सवलत त्यांच्या ताकदीच्या कितीतरी पट आहे. टाकीच्या सिमेंटच्या भिंतीआडून संदेश पोहोचत नसेल तर देश बदलण्यापेक्षा डबी दोन हात सरकवावी.

इतके सांगितल्यावर, माझा स्वतःचा कल तेराव्या चॅनेलकडे आहे असा कोणाचा समज झाला असेल तर तो तसा नाही. कायद्याने मोकळे असलेले चॅनेल यंत्राला दिसले पाहिजे, हा एक मुद्दा; आणि ते वापरणे शहाणपणाचे आहे काय, हा दुसरा. एक, पाच, नऊ आणि तेरा अशी वाटणी सर्वांनी एकमताने पाळली तर चार नेटवर्के फारशी न भांडता नांदू शकतात. पण ज्या इमारतीत गाडी कोठे लावावी यावर एकमत होत नाही तेथे चॅनेलांवर होईल अशी आशा मी धरीत नाही. बाकी सर्व लोक एक, सहा व अकरावर असताना जो एकटा तेरावर जातो, तो मोकळ्या जागेत जात नाही. अकराव्यापासून त्याचे अंतर अवघे दहा मेगाहर्ट्झ राहते आणि दोघांच्या कडा एकमेकींत शिरतात. एकाच चॅनेलवर असलेली यंत्रे एकमेकांचे बोलणे ओळखून आळीपाळीने बोलतात. अर्धवट अंगावर आलेल्या चॅनेलांना दुसऱ्याचे शब्द कळत नाहीत, नुसता गोंगाट कळतो. म्हणून दाट वस्तीत, अकराव्यावर आणखी एका नेटवर्काची दाटी करणे हे तेराव्यावर जाऊन अकराव्याला छळण्यापेक्षा पुष्कळदा बरे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. ज्यांचा राउटर आणि ज्यांची यंत्रे दोन्ही नव्या धर्तीची आहेत त्यांनी पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्याकडे जावे हे उत्तम. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे तोही पट्टा विस्तृत प्रमाणावर परवान्यावाचून खुला झाला आहे. टाक्यांवरचे स्वस्त बोर्ड मात्र बहुतांशी जुन्याच पट्ट्यात बोलतात, आणि पुढील कित्येक वर्षे ते तेथेच बोलत राहतील.

माझी तक्रार यंत्रांच्या भित्रेपणाविरुद्ध नाही. ज्याला आपला मुलूख ठाऊक नाही त्याने सर्वांत कडक नियम पाळावा, ही रीत मला रास्त वाटते. तक्रार आहे ती, ज्यांना मुलूख पक्का ठाऊक आहे आणि तरीही जे तो सांगण्याचे टाळतात, त्या आम्हा बसविणाऱ्यांच्या जमातीविरुद्ध. परदेशी मासिकांतून उचललेला प्रोग्राम जसाच्या तसा भरावयाचा, तो पहिल्या दिवशी चालला की पैसे घ्यावयाचे आणि पुढच्या शुक्रवारी काय होते ते पाहण्यास थांबावयाचे नाही, ही पद्धत ठाण्यात काय आणि कल्याणात काय, सर्रास झाली आहे. आणि ज्या वर्गांत हे बोर्ड शिकविले जातात तेथेही देशाची ओळ कोणी शिकविताना मी ऐकलेले नाही.

म्हणून ज्या संस्थांनी अशी यंत्रे बसवून घेतली आहेत त्यांच्या सेक्रेटरींना माझी विनंती आहे. बिल चुकते करण्यापूर्वी बसविणाऱ्याला एवढेच विचारावे की या यंत्रात देश कोणता लिहिला आहे, आणि त्याचे उत्तर पंप व टाकीच्या कागदांबरोबर लेखी घेऊन ठेवावे. त्याला प्रश्नच समजला नाही तर राउटरची स्वयंनिवड बंद करून तो पहिल्या, सहाव्या किंवा अकराव्या चॅनेलवर कायम करून घ्यावा, नेटवर्कचे नाव उघडे ठेवावे, आणि पैशांचा शेवटचा हप्ता वीज एकदा जाऊन परत येईपर्यंत रोखून धरावा.